पाट मांडून बोलावणं

पूजेच्या सोळा उपचारांत आवाहन पहिलं. गणेशचतुर्थीला सकाळी मातीची मूर्ती चौरंगावर येते, आपण हातात अक्षता घेतो आणि देवाला ‘या’ म्हणतो. लगेच आसन, मग पाय धुवायला पाणी, अर्घ्य, आचमन. दारी आलेल्या पाहुण्याचं जे करायचं, तेच आणि त्याच क्रमानं. देव्हाऱ्यातल्या शाळिग्रामाला मात्र आवाहन नाही आणि विसर्जनही नाही. जो घरातच आहे, त्याला पुन्हा बोलवायचं कशाला?

आवाहन या शब्दात ‘वह्’ धातू आहे. वाहून आणणं, जवळ आणणं. यज्ञात देवांना घेऊन येण्याचं काम अग्नीकडे होतं, त्याला तशी विनंती करत. आव्हान वेगळं, ते ‘ह्वे’ धातूचं. त्यात हाक आहे, आणि मराठीत त्या हाकेला ललकारीचा अर्थ आला. बातम्यांत या दोन शब्दांची अदलाबदल होते तेव्हा मला वाईट वाटतं, कारण एकात हात जोडलेले आहेत आणि दुसऱ्यात दंड थोपटलेले.

हात जोडून बोलावणं म्हणजे काय, ते गोंधळात ऐकावं. घरात लग्न झालं, कुळाचार म्हणून गोंधळ घातला. पाटावर किंवा चौरंगावर कोरा खण अंथरतात, त्यावर धान्याची रास, तिच्यावर कलश, नागवेलीची पानं, नारळ. दिवटी पेटते, संबळ आणि तुणतुणं सुरू होतं, आणि कथेला हात घालण्याआधी गोंधळी देवांना बोलावतो. तुळजापूरची भवानी, कोल्हापूरची अंबाबाई, माहूरची रेणुका, वणीची सप्तशृंगी, जेजुरीचा खंडोबा, पंढरपूरचा विठोबा. प्रत्येकाला त्याच्या गावाच्या नावानिशी. मग त्या घराचं कुलदैवत, त्या गावाचं ग्रामदैवत. नुसतं ‘सर्व देवांनो या’ म्हणून भागत नाही. ज्याला बोलवायचं त्याचं गाव ठाऊक हवं, तो कुणाचा कोण हे ठाऊक हवं. ते गोंधळ्याला तोंडपाठ असतं, बापाकडून मुलाकडे आलेलं. आणि या यादीच्या शेवटी जे मला सगळ्यांत मोलाचं वाटतं ते येतं: ज्यांची नावं घ्यायची चुकली, राहून गेली, त्यांनाही तो गोंधळाला या म्हणतो. कुणी रुसून मागे राहू नये, एवढी काळजी. मग रात्र जागते आणि आरती होते.

या बोलावण्यात येणाऱ्याचा मोठेपणा आधी मान्य केलेला असतो. तो आला तर आपलं भाग्य. त्याला आणण्याचं बळ आपल्या अंगी आहे, असा दावा गोंधळी करत नाही.

दावा करणारे दुसरे. तंत्रग्रंथांत षट्कर्मं सांगितली आहेत. त्यांतली शांती बाजूला ठेवली तर वशीकरण, स्तंभन, विद्वेषण, उच्चाटन, मारण ही पाच उरतात. कुणाला ताब्यात घ्यायचं, कुणाला जागच्या जागी थिजवायचं, दोघांत वैर लावायचं, कुणाला घरादारातून उठवायचं, कुणाचा जीव घ्यायचा. यांत समोरच्याला कुणी काही विचारत नाही. भूत अंगावर घालीन, मूठ मारीन, करणी करीन, ही भाषा तिथली. त्या मांत्रिकाच्या हातात खरी शक्ती नसते. त्याच्या बोलण्यानं बसणारी भीती मात्र खरी असते. तिच्यापायी माणसं दवाखाना सोडतात, पैसे देतात, शेजारणीला चेटकीण ठरवतात.

म्हणूनच २०१३ साली महाराष्ट्रानं जादूटोणाविरोधी कायदा केला. डॉ. नरेंद्र दाभोलकर त्यासाठी वर्षानुवर्षं झटले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली, त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळानं कायदा मंजूर केला. त्याच्या अनुसूचीत आवाहन हा शब्दही आहे. मंत्रानं भुताखेतांना आवाहन करून, किंवा तसं करीन अशी धमकी देऊन लोकांत घबराट पसरवणं हा गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. कायद्याच्या लांबलचक नावात ‘समूळ उच्चाटन’ हे शब्द आहेत. मांत्रिक जे माणसाचं करू म्हणत होता, ते कायद्यानं त्या अघोरी प्रथांचं करायचं ठरवलं. मला हे फार योग्य वाटतं.

पूजेतल्या अक्षतांना आणि गोंधळातल्या संबळाला या कायद्याची भीती बाळगायचं कारण नाही. तिथे कुणाला धाक नाही. पण आज एखाद्या वस्तीत एखाद्या बाईला कुणी म्हणत असेल, की अमुक रक्कम दे नाहीतर तुझ्या पोरावर भूत सोडतो, तर तिनं उतारा शोधू नये, पोलीस ठाण्यात जावं. तिला एकटीला जायचा धीर होत नसेल, तर शेजारच्या घरातल्या कुणीतरी पायात चपला घालून तिच्याबरोबर निघावं.