ताळा करून पाहा

१४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७. ही एकवीस आकडी संख्या. एकं, दहं, शतं करत ‘लीलावती’तल्या परार्धापर्यंत गेलो, तर अठरा स्थाने होतात, ही त्याच्याही तीन घरे पुढे. दोनाचा ६७ वा घात काढून त्यातून एक वजा केला की ती मिळते.

ही मूळ संख्या आहे, असे मारँ मर्सेन या फ्रेंच धर्मगुरूने १६४४ साली लिहून ठेवले. म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून कोणत्याही संख्येने तिला पूर्ण भाग जाणार नाही. मर्सेन युरोपातल्या बड्या विद्वानांशी पत्रव्यवहार राखून असलेला माणूस. त्याच्या शब्दाला वजन होते, आणि एवढी मोठी संख्या तपासत बसणार कोण? सव्वादोनशे वर्षांहून जास्त काळ तो शब्द टिकला. १८७६ मध्ये एदुआर ल्यूका यांनी तो खोडून काढला. संख्या मूळ नाही हे सिद्ध झाले, पण तिचे अवयव कोणते, हे काही त्यातून निघाले नाही.

ते काम अमेरिकेतल्या फ्रँक नेल्सन कोल यांनी केले. ऑक्टोबर १९०३ मध्ये अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या सभेत ते फळ्यापाशी गेले आणि, सांगतात की, अवाक्षर न बोलता त्यांनी गणित मांडले. एकीकडे दोनाचा ६७ वा घात वजा एक; दुसरीकडे १९,३७,०७,७२१ गुणिले ७,६१,८३,८२,५७,२८७. दोन्हीकडे उत्तर एकच आले. हे अवयव शोधायला तीन वर्षांचे रविवार खर्ची पडले, असे त्यांनी पुढे सांगितल्याची आख्यायिका आहे.

शाळेतला नवाचा ताळा आपणही लावू शकतो. पहिल्या अवयवातल्या अंकांची बेरीज ३७, म्हणजे १०, म्हणजे १. दुसऱ्याची ६४, तिचाही शेवट १. एकाला एकाने गुणले, एकच. मूळ संख्येची, क्षमा करा, त्या एकवीस आकडी संख्येची बेरीज १०९. तीही १ वर येते. ताळा जुळला म्हणून गुणाकार बरोबरच असतो असे नाही. पण जुळला नसता, तर चूक नक्की होती.

मर्सेनचे म्हणणे लोकांनी मानले ते त्याच्या नावाकडे पाहून. कोल यांनी मात्र स्वतःवर विश्वास ठेवा असे म्हटलेच नाही. गुणाकार येणाऱ्या कोणालाही पडताळता येईल, अशा रीतीने सगळे फळ्यावर उघडे ठेवले. ज्याने खरोखर कष्ट उपसलेले असतात, त्याला तपासणीची भीती नसते. तेव्हा कोणी छातीठोकपणे काही सांगू लागला, तर त्याचे नाव किती मोठे आहे हे नंतर बघा. आधी त्याला आकडेमोड दाखवायला सांगा, आणि आपण काही सांगणार असू, तर आपली आकडेमोड न मागता पुढे ठेवा.