दात काढण्याचा अधिकार कोणाचा?

तुमसर तालुक्यातील आंबागड गावी एखाद्या मजुराची दाढ रात्रभर ठणकली, तर सकाळी त्याने कोणाकडे जावे? बाजारात चिमटा घेऊन बसलेला मनुष्य थोड्या पैशांत दाढ काढून देतो. त्याचा हात सराईत, बोलणे गोड. अशास सरकारने 'तुजजवळ परवाना नाही, हे काम करू नको' असे म्हणावे, हा न्याय की अन्याय?

भारतात 1948 साली दंतवैद्यांचा कायदा झाला. नोंदणीवाचून कोणी हा धंदा करू नये, असे त्याने ठरविले. तथापि तो निर्दय नव्हता. पूर्वीची पाच वर्षे ज्यांचा चरितार्थ ह्याच धंद्यावर चालला होता, त्यांस पदवी नसताही आरंभीच्या नोंदणीत निराळी जागा दिली. आणखी एक सवड ठेविली: निकड असून नोंदलेला दंतवैद्य मिळत नसेल, तर कोणीही दात काढावा, मात्र बधिर करण्याचे औषध वापरू नये. दयेस दार उघडे ठेविले, पण दयेच्या नावाने दुकान मांडण्यास नव्हे. 2023 साली संसदेने ह्याच्या जागी नवा कायदा संमत केला. परंतु नोंदणीचे तत्त्व तेच राहिले.

कित्येक म्हणतील, कागदाने का दुखणे थांबते? नाही थांबत. परंतु दात नेहमी किडीनेच हलतो असे नाही. आमच्या विदर्भात खर्रा खाणारे पुष्कळ. हिरडीत कर्करोग शिरला असताही दात सैल होतो. चिमटेवाला दात काढतो, रोगी समाधानाने घरी जातो, आणि रोग आत वाढत राहतो. निर्जंतुक न केलेल्या हत्याराने एकाच्या रक्तातील कावीळ दुसऱ्यास लागते. त्या मनुष्याच्या मनात कपट नसेल. पण आपणास काय कळत नाही, हेच त्यास कळत नाही. रोग्यासही ते पारखता येत नाही. म्हणून पारख करणारा तिसरा हवा, आणि चूक झाल्यास जाब विचारण्यास ठिकाण हवे. परवान्याचा खरा अर्थ हाच.

परंतु ज्याने एक दार बंद केले, त्याने दुसरे उघडले पाहिजे. नागपुरास शासकीय दंत महाविद्यालय आहे. पण रोजी बुडवून तेथवर जाणे गरिबास सोपे नाही. जवळ उपचार न देता केवळ मनाई करणे हा अर्धाच न्याय होय.

आणि वाचकहो, आपलेही कर्तव्य आहे. दंतवैद्यास नोंदणीचा दाखला विचारण्यात त्याचा अपमान नाही. स्वस्त पडते म्हणून आपण शेजाऱ्यास चिमट्याखाली बसविले, तर त्या दोषाचा वाटा आपल्याही पदरी येतो.