सोबत चालण्याची पाळी

व्यायामानं अल्झायमर बरा होतो का? आजवरच्या पुराव्यावरून उत्तर 'नाही' असंच द्यावं लागतं. २०११ साली अमेरिकेत स्मृतिभ्रंश नसलेल्या १२० वृद्धांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. वर्षभर नियमित चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस, म्हणजे मेंदूतला आठवणींशी निगडित भाग, सुमारे दोन टक्क्यांनी वाढला होता. त्यातून मोठी आशा निर्माण झाली. पुढे २०१८ साली ब्रिटनमधल्या ४९४ स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांवरची चाचणी आली. त्यांतल्या ज्यांच्याकडून नेटानं व्यायाम करून घेतला, त्यांच्या अंगात ताकद आली. बुद्धीची घसरण काही थांबली नाही.

मग जो माणूस लेकाचं नाव विसरला, त्याला रोज फिरायला न्यायचं कशासाठी?

आष्ट्यासारख्या गावात हा प्रश्न वेगळाच दिसतो. इथली जुनी पिढी व्यायाम म्हणून कधी चालली नाही. ती उसाला पाणी पाजायला चालली, वैरणीसाठी चालली. 'हालचाल ठेवली असती तर असं झालं नसतं' हे अशा माणसाला कोण ऐकवणार? सरासरीचे आकडे धोका सांगतात, एकेकट्या माणसाचा निवाडा करत नाहीत. आजाराला करणीचं फळ ठरवणं तर निव्वळ क्रौर्य.

शिवाय यातल्या अनेकांचे पाय थांबतच नाहीत. 'रानात जायचंय' म्हणत म्हातारा अवेळी उठतो. बाहेर सांगली-इस्लामपूर रस्ता, गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांची रांग. घरचे कडी लावतात. त्या कडीत काळजी असते आणि रोजचा नकारही असतो.

चालण्याला औषध म्हटलं की आपण गुण शोधतो आणि तो दिसला नाही की बंद करतो. जेवणाचं असं करत नाही. काल जेवल्याचं आठवत नाही म्हणून आज ताट वाढायचं कुणी थांबत नाही. भुकेइतकीच खरी गरज पायांचीही असते. बांधापर्यंतची ती फेरी संध्याकाळी आठवणार नाही. पण चालताना ती त्याचीच असते.

मात्र ताट वाढणारे हात बहुतेक घरांत सुनेचे किंवा लेकीचे असतात. 'रोज फिरवून आणा' हा सल्ला तिच्याच झोपेतून आणि विसाव्यातून वसूल होतो. एकाची माणुसकी दुसऱ्याच्या वेठीवर उभी राहत असेल तर तिला नीती म्हणता येत नाही. लेक, नातू, भावकी, शेजार यांनी तो तास वाटून घ्यायला हवा. उसाच्या पाण्याला पाळी लावणाऱ्या गावाला हे शिकवावं लागू नये.