कारण नसलेला मुक्काम

कळमेश्वरात गेल्या काही वर्षांत एक नवी ये-जा सुरू झाली आहे. मुलगी मेलबर्नला असते, मुलगा सिडनीला नाहीतर ब्रिस्बेनला. बाळंतपण आलं की आई सहा महिन्यांसाठी जाते, मागून वडील जातात. संत्र्याची बाग भावाच्या भरवशावर, घराची किल्ली शेजाऱ्यांकडे. परत आल्यावर त्यांच्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ असतं. ऑपेरा हाऊस, ग्रेट ओशन रोड, नातवाचं पहिलं पाऊल. मी त्यांना हटकून विचारतो, तिथे आपल्या गावचा अमुक राहतो, शाळेत तुमच्याच बाकावर होता, त्याच्याकडे जाणं झालं का? उत्तर बहुधा ठरलेलं असतं. ‘‘फोन झाला ना!’’

या उत्तराने मला दरवेळी वाईट वाटतं. सात समुद्र ओलांडून गेलेला माणूस मित्रापासून तासा-दोन तासांच्या अंतरावर महिनोन्‌महिने राहतो आणि फोन करून परत येतो. यात कुणाचा कोरडेपणा नाही. मित्राकडे जायचं निमित्तच आपल्या जगण्यात ठेवलेलं नाही. बहिणीकडे भाऊबीजेला जावं लागतं. बारसं, साखरपुडा, लग्न, मयत, तेरवी, सगळीकडे नात्याला हक्काचं आवतण असतं, आणि गेलं नाही तर वर्षानुवर्षं ऐकूनही घ्यावं लागतं. मित्राच्या वाट्याला असा एकही दिवस नाही. शिवाय आपलं नातं जातीच्या कुंपणाआड राहतं. शाळेत, कारखान्यात, क्रिकेटच्या मैदानावर जे मित्र मिळाले, त्यातले निम्मे तरी त्या कुंपणापलीकडचे असतात. म्हणजे ज्याच्याशी मन मोकळं केलं, त्याच्याच घरी मुक्कामाला जायची रीत आपल्याकडे नाही. एका गावात असताना हे जाणवत नाही, कारण चहाच्या टपरीवर रोज भेट होते. मित्र दूर गेला की मात्र ही उणीव उघडी पडते.

सरकारांचं तरी वेगळं काय आहे? ऑस्ट्रेलियाच्या कायद्यात जोडीदारासाठी व्हिसा आहे, आईवडिलांसाठी आहे, अवलंबून असलेल्या वृद्ध नातेवाइकासाठी आहे, मायदेशी मागे राहिलेल्या शेवटच्या नातेवाइकासाठीसुद्धा आहे. मित्राला भेटायला पर्यटक म्हणून जाता येतं, पण त्याच्याजवळ राहायला जायचं म्हटलं तर मित्र या नात्याने तिथे कोणताच दरवाजा नाही. आणि आपल्यासाठी तर दरवाजाच उशिरा उघडला. १९०१ सालच्या कायद्याने गोरेतर माणसाला बंदरावरच अडवायची सोय केली होती. कोणत्याही युरोपीय भाषेत उताऱ्याचं श्रुतलेखन द्यायचं आणि नापास करायचं. ती परीक्षा १९५८ मध्ये गेली आणि वर्णाची अट पूर्णपणे जायला १९७३ साल उजाडलं. माझे मित्र तिकडे गेले ते त्यानंतरच्या काळात. कळमेश्वरातून इतक्या दूर मित्र जाणं आणि तो आयुष्यभर तिथेच राहणं, हे माझ्याच पिढीने पहिल्यांदा पाहिलं. अशा मैत्रीचं काय करायचं हे आम्हाला शिकवायला मागे कुणी नव्हतं.

माझा मित्र सिडनीच्या दक्षिणेला, वुलनगाँगजवळ समुद्रकाठी राहतो. आम्ही कळमेश्वरात एका वर्गात होतो. त्याचं घर बौद्ध वस्तीत, आमचं बाजाराजवळ. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षा दिली, तेव्हा त्याची आजी त्या मैदानावर होती. ती हकिगत मी त्यांच्या अंगणात बसून ऐकली आहे. डिप्लोमा झाल्यावर तो गावातल्या पत्र्याच्या कारखान्यात लागला. तेव्हा त्याचं नाव निप्पॉन डेन्रो होतं, मग इस्पात झालं, आता जेएसडब्ल्यू आहे. साडेचारशे अंशांच्या आसपास वितळलेल्या जस्ताच्या कुंडातून पत्रा बुडून वर कसा येतो, हे तो आम्हाला हातवारे करून सांगायचा. तीच विद्या त्याला पोर्ट केम्ब्लाला घेऊन गेली. तिथे १९२८ पासून पोलादाचा कारखाना आहे आणि शेजारीच पत्र्याला मुलामा देणारा. कळमेश्वरची संत्री नागपूरच्या बाजारापलीकडे जातात याचं आपल्याला कौतुक असतं. कळमेश्वरचा कारागीरही तसाच जातो, पण त्याची नोंद आपण घेत नाही.

मेलबर्नला मुलीकडे गेलो असताना मी त्याच्याकडे जायचं ठरवलं. मुलगी म्हणाली, ‘‘बाबा, व्हिडिओ कॉल तर रोजच करता.’’ तिचं म्हणणं खरं होतं, आणि तरीही मला जायचं होतं. सिडनीहून दक्षिणेकडे जाणारी रेल्वे राष्ट्रीय उद्यानाच्या झाडीतून उतरत जाते. ऑटफर्डचा बोगदा संपला की डाव्या हाताला खाली एकदम समुद्र दिसतो, आणि उजवीकडे कोळशाचे थर पोटात घेतलेला उभा डोंगर. कोळसा आणि पोलाद असल्यामुळे हा भाग कामगारांचा. दुसऱ्या महायुद्धानंतर इटली, मॅसेडोनिया अशा देशांतून माणसं इथे भट्ट्यांवर राबायला आली. १९३८ मध्ये पोर्ट केम्ब्लाच्या बंदरातल्या गोदी कामगारांनी जपानला जाणारं कच्चं लोखंड जहाजावर चढवायला नकार दिला होता. या लोखंडाच्या गोळ्या होतील आणि त्या चिनी माणसांवर झाडल्या जातील, असं त्यांचं म्हणणं होतं. ज्यांना कधी पाहिलंही नाही अशा माणसांसाठी त्यांनी आठवड्यामागून आठवडे मजुरी सोडली. ही गोष्ट मला मित्राने स्टेशनवरून घरी जाताना गाडीत सांगितली, आणि गेली कित्येक वर्षं फोनवर बोलताना ती कधीच निघाली नव्हती.

फोनवर बातमी कळते. कुणाचं लग्न ठरलं, कुणाला साखर निघाली, पाऊस कसा आहे. माणूस कळायला त्याचा अख्खा दिवस पाहावा लागतो. २०११ मध्ये तिथली एक झोतभट्टी बंद झाली आणि सुमारे हजार नोकऱ्या गेल्या. त्या वर्षी आम्ही फोनवर वर्ल्ड कपच्या फायनलबद्दल तास तास बोललो होतो. त्याची नोकरी राहते की जाते, यात तो आणि वहिनी किती रात्री जागले, हे मला आता कळलं, तेही तो सांगायला बसला म्हणून नाही. स्वयंपाकघरातल्या कपाटात एक जुनी वही होती, महिन्याच्या खर्चाची. वहिनी तीत आजही हिशेब लिहितात. मी सहज विचारलं, कधीपासून? त्या म्हणाल्या, ‘‘भट्टी बंद झाली ना, त्या महिन्यापासून.’’

सकाळी तो समुद्राच्या तलावात उतरतो. त्या किनाऱ्यावर खडकात कोरलेले असे तलाव बऱ्याच गावांत आहेत. भरतीची लाट कठड्यावरून आत येते आणि पाणी आपोआप बदलतं. मी गेलो तेव्हा तिकडचा हिवाळा होता, म्हणजे आपला जून. पाणी इतकं गार की मी फक्त पाय सोडून बसलो. पाठीला रिकामा डबा बांधून आम्ही ज्या विहिरीत पोहायला शिकलो, त्या विहिरीतला त्याचा हात मला ओळखीचा होता. डावा हात जरा जास्त बाहेर फेकायची त्याची सवय अजून तशीच आहे. त्याच्या आजूबाजूला सत्तरीची माणसं पोहत होती आणि त्याला नावाने हाका मारत होती. कळमेश्वरात तो नेहमी कुणाचा तरी मुलगा, भाऊ, काका असतो. इथे तो त्या माणसांत फक्त तो होता, आणि सुखात होता. हे पाहून मला आनंद झाला. थोडी टोचणीही लागली. त्याच्या सुखात आपला काही वाटा नाही, हे मित्राला सोपं जात नाही.

त्याच्या आणि शेजाऱ्याच्या परसात रंगीत पत्र्याचं कुंपण आहे. तिकडे छपरं आणि कुंपणं याच पत्र्याची. १९६६ मध्ये तो बाजारात आला आणि देशभर पसरला. मित्राने मला वाकून पत्र्याची कापलेली कड दाखवली. अंगठा फिरवला की पांढरी भुकटी हाताला लागते. समुद्राची खारी हवा रंगावर काही करू शकत नाही, ती कापलेल्या जागेतून आत शिरते, असं तो म्हणाला. मग मला दिसलं की त्या कुंपणात एक लहानसं फाटक बसवलेलं आहे. शेजारी मॅसेडोनियाहून आलेला, त्याच कारखान्यातून निवृत्त झालेला. फाटक दोघांनी मिळून बसवलं होतं.

संध्याकाळी शेजारी त्या फाटकातून आला. मी कोण हे कळल्यावर तो माझा हात सोडेना. मला काही उमजेना. मित्र म्हणाला, ‘‘आई गेली ना, तू फोन केला तेव्हा मी नाइट शिफ्टला होतो. यानेच मला एअरपोर्टवर नेऊन सोडलं बे. रस्ताभर एक शब्द बोलला नाही तो.’’ शेजाऱ्याला तेव्हापासून जाणून घ्यायचं होतं, की तिथे पुढे काय झालं? मुलगा पोचायच्या आधी आईचं कोणी केलं? मी सांगायला लागलो आणि मित्र इंग्रजीत सांगत गेला. पावसाळ्याचे दिवस होते. लाकूड ओलं होतं. मित्राच्या धाकट्या भावाबरोबर खांदा आम्ही वर्गातल्या पोरांनीच दिला, आणि त्यात सगळ्या वस्त्यांचे होतो. भन्तेजींनी त्रिसरण, पंचशील दिलं. सरण पेटेना म्हणून कारखान्यातल्या त्याच्या जुन्या सोबत्यांनी कोरड्या लाकडाची गाडी आणली. इथे मित्र बोलायचा थांबला. हे त्याने कधी ऐकलंच नव्हतं. तो पुण्यानुमोदनाला पोचला होता, आणि त्या गर्दीत त्याने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. नंतर फोनवर हा विषय काढायची दोघांचीही छाती झाली नाही. आईला खांदा देणारा एक आणि मुलाला विमानतळावर नेणारा दुसरा, असे आम्ही दोघे इतकी वर्षं एकमेकांना न ओळखता एकाच दुःखाची दोन टोकं धरून होतो. ही भेट कोणत्याही कॉलवर होणं शक्य नव्हतं.

मित्राकडे जाण्याची आपली सर्वांत मोठी कथा सुदाम्याची. तोही समुद्रकाठच्या द्वारकेलाच गेला. आम्हा वैदर्भीयांना त्या कथेतला एक तपशील जवळचा आहे. भागवतात त्या दमलेल्या पाहुण्याला चवरीने वारा घालणारी रुक्मिणी आमच्या कौंडिण्यपूरची. पण मला त्या कथेत नेहमी एक खटकतं. सुदामा गेला तो घरात दाणा नव्हता म्हणून, आणि बायकोने लावून दिलं म्हणून. म्हणजे मित्राला भेटायला तिथेही कारण लागलंच. आणि कृष्ण सुदाम्याच्या झोपडीत मुक्कामाला गेल्याचं काही कथेत येत नाही. एकाने गरजेपोटी जायचं आणि दुसऱ्याने वैभवात स्वागत करायचं, यापेक्षा बरोबरीची ये-जा मैत्रीला शोभते.

तिकडेच, न्यूकॅसलला दुसरा एक वर्गमित्र राहतो. त्याच्याकडे मी दुपारचं जेवण करून परत फिरलो. जेवण उत्तम, मुलं गुणी, फोटो छान आले. याहून जास्त सांगण्यासारखं काही घडलं नाही, कारण तेवढ्या वेळात काही घडत नसतं. दोघेही आपापली चांगली बाजू सांभाळून बसतात. मुक्कामाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती सांभाळणं सुटतं.

वुलनगाँगजवळ नान तिएन नावाचं मोठं बुद्धविहार आहे, १९९५ मध्ये उघडलेलं, तैवानी परंपरेचं. अशोक विजयादशमीला मित्र तिथे जातो. विधी चिनी, भाषा चिनी. तो एका कोपऱ्यात बसून मनात मराठीतून वंदना म्हणतो. दीक्षाभूमीची गर्दी, पुस्तकांची दुकानं, आईचं बोट, यातलं तिथे काही नसतं. मी त्याच्याबरोबर गेलो तेव्हा त्या दिवशी गर्दी नव्हती. त्याने मला वंदना मोठ्याने म्हणायला लावली. मला ती येत होती, त्याच्या अंगणात ऐकून ऐकून आलेली.

आपण इथले लोक मात्र एक हिशेब ठेवतो. तिकडे गेलेला माणूस किती वर्षांत आला, किती दिवस राहिला, कुणाकडे गेला, कुणाकडे नाही. गेलेल्यानेच यायचं, तिकीट त्यानेच काढायचं, भेटवस्तू त्यानेच आणायच्या, आणि तीन आठवड्यांत सगळ्या नातेवाइकांचं समाधानही त्यानेच करायचं. नागपूरच्या विमानतळावर उतरल्यापासून तो माणूस वाटला जातो. मित्रांच्या वाट्याला निघायच्या आदल्या रात्रीचे दोन तास येतात, तेही चार फोन घेत घेत. कळमेश्वरात आता पेन्शन आहे, बागेचे पैसे आहेत, मुलं तिकडेच आहेत. आपल्यालाही जाता येतं. आणि मित्र इथे आला तर त्याला घरी ठेवून घेता येतं. वस्ती कोणती, जात कोणती, लोक काय म्हणतील, हे प्रश्न दाराबाहेर ठेवूनच ते होईल, आणि कळमेश्वरात ते आजही वाटतं तितकं सोपं नाही. मित्राची आई आमच्या ओट्यापर्यंत यायची, आत यायला लाजायची. तिला आत ओढून न्यायचं वय माझं तेव्हा नव्हतं, आज आहे.

या हिवाळ्यात तो येणार आहे, आंबिया बहाराची संत्री उतरायच्या वेळेला, आणि शेजाऱ्यालाही घेऊन येतो आहे. यावेळी पहिला आठवडा त्या दोघांचा मुक्काम आमच्याकडे. त्याचा भाऊ आधी नाराज झाला. मी त्याच्या घरी जाऊन बसलो, चहा घेतला आणि त्याला समजावलं. आता त्याने एकच अट घातली आहे. पहिल्या रात्रीचं जेवण त्याच्याकडे, आणि आम्ही सगळ्यांनी यायचं.