एक जून

महाराष्ट्रात दर वर्षी ३१ मे रोजी कचेऱ्यांतून आणि शाळांतून एकाच दिवशी इतकी माणसे निवृत्त होतात, की त्या दिवशी हारवाल्यांना दुसरे गिऱ्हाईक पाहण्याची गरज नसावी. यामागे कोणताही ग्रहयोग नाही. योग असलाच तर तो मास्तरांचा आहे. जूनमध्ये शाळा उघडे, बाप पोराला दंडाला धरून आणी आणि मास्तर विचारीत, "जन्म कधीचा?" बाप सांगे, "बेंदराच्या सुमाराचा. पाऊस लई होता त्या साली." मग मास्तर पोराचा उजवा हात डोक्यावरून नेऊन डाव्या कानाला टेकतो का ते बघत, टेकला की मान डोलवीत आणि रजिस्टरात लिहीत : १ जून. पुढे त्या पोराच्या नोकरीचा शेवटचा दिवस त्याच वेळी ठरून जाई.

माझीही जन्मतारीख १ जूनच आहे. मी ऐन थंडीत, शेकोटी पेटवून बसावे अशा रात्री जन्मलो, असे आई सांगे. माझा विश्वास आईवर आहे, सरकारचा रजिस्टरावर आहे, आणि इतकी वर्षे मी दोघांचाही मान राखून राहिलो आहे. मास्तरांनी माझ्या बाबतीत लबाडी केली, असे मला कधी वाटले नाही. उलट त्या खोट्या तारखेमुळेच मी शाळेच्या उंबऱ्याच्या आत आलो.

हे सगळे आठवायला एक कारण आहे. १ जून या साध्या तारखेने एकदा मला असा प्रश्न विचारला, की त्याचे अर्धे उत्तर मी त्याच दिवशी दिले आणि उरलेले अर्धे सुचायला बरीच वर्षे गेली.

साताऱ्याला २३ जून १९६१ रोजी देशातली पहिली सैनिक शाळा सुरू झाली. सर्वसामान्य घरांतल्या मुलांना चांगले शिक्षण मिळावे आणि त्यांतून खडकवासल्याच्या प्रबोधिनीत जाणारे, पुढे सैन्यात अधिकारी होणारे तरुण तयार व्हावेत, ही त्यामागची कल्पना. त्या वेळचे संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांनी ती मांडली होती. आमच्या भागात घरटी एक माणूस लष्करात असावा अशी गावे आहेत. पण त्यातले बहुतेक जवान म्हणून भरती झालेले. 'साहेब' होण्याची वाट त्या शाळेच्या दारातून जाते, हे खेड्यातल्या बापाला कुणी समजावून सांगावे लागत नाही.

२००९ साली मी एका दुष्काळी तालुक्यातल्या सातवीपर्यंतच्या शाळेवर होतो. पाचवीत एक मुलगा होता. गणिताचे उदाहरण फळ्यावर लिहून मी खडू खाली ठेवायच्या आत त्याचे उत्तर तयार असे. या मुलाला सैनिक शाळेच्या प्रवेशपरीक्षेला बसवायचे, असे मी मनाशी ठरवले. शाळा सुटल्यावर रोज तासभर त्याला शिकवू लागलो. त्याची चुलत बहीण त्याच वर्गात होती. वस्ती लांब, रस्त्यात ओढा, तेव्हा तिने एकटीने जायचे नाही, असा घरचा हुकूम होता. म्हणून ती तासभर वर्गाच्या दारात दप्तर मांडीवर घेऊन बसून राही.

दिवाळीच्या सुट्टीत अर्ज हाती आला, आणि मग मी वयाची अट वाचली. आधी वाचायला हवी होती. सहावीच्या प्रवेशासाठी येत्या १ जुलैला मुलाचे वय दहा वर्षे पुरे आणि अकराच्या आत हवे, अशी तेव्हा अट होती. रजिस्टरात मुलाची तारीख होती १ जून १९९९. एका महिन्याने तो बाहेर पडत होता.

मी तसे त्याच्या वडिलांना कळवले. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी ते माझ्या घरी आले. आम्ही त्यांना आबा म्हणत असू. चहा झाला, पाऊसपाणी झाले, आणि मग आबा म्हणाले, "गुरुजी, एक महिना तर फुडं सरकवायचा हाय. जूनचा जुलै. नोंद करताना चूक झालीवती म्हून लिवून द्या. जन्माचा कागद काढायचाच हाय अजून, त्यो तुमच्या उताऱ्यावर काढू."

मी म्हणालो, "आबा, हे खोटे होईल."

आबा हसले. त्या हसण्यात राग नव्हता. "गुरुजी, पोरगं झालं तवा आमी ऊसतोडीला फडावर हुतो. थंडी मरणाची हुती. जूनमदी कुठली थंडी? त्यो एक जून तुमीच लिवलाय. तवा त्ये पाप न्हवतं, मग आताच कसं झालं?"

रजिस्टरातले अक्षर माझेच होते. आबा बोलले त्यात वावगे काही नव्हते, आणि मला तत्काळ उत्तर सुचले नाही. ज्या हाताने मी एकदा खोटे लिहिले, तोच हात आता सत्यवादाचा आव आणीत होता.

उत्तर सुचले ते दुसऱ्या दिवशी, पाण्याच्या रांगेत. आमच्या गावात विहिरीला पाणी असे तेव्हा कोण आधी आला, कोण मागून आला, हे कुणी विचारीत नसे. ज्याला हवे त्याने पोहरा सोडावा. पण उन्हाळ्यात टँकर सुरू झाले, की आदल्या रात्रीपासून हंड्यांची रांग लागे. त्या रांगेत कुणी आपला हंडा हळूच दोन हात पुढे सरकवला, तर त्यात कुणाचे काय जाते? पुढच्याचे काही जात नाही. शेजारच्याचेही जात नाही. जाते ते रांगेतल्या शेवटच्या बाईचे. तिचा हंडा कोरडा राहतो, आणि तो कुणामुळे कोरडा राहिला हे तिलाही कळत नाही.

पहिलीच्या वर्गाची शाळा म्हणजे भरलेली विहीर. २००५ साली मी लिहिलेल्या १ जूनमुळे एका मुलाला दार उघडले, आणि कुणासाठीही ते बंद झाले नाही. निवडक मुलांच्या शाळेतली जागा ही टँकरच्या पाण्यासारखी. तिथे जुलै लिहिला असता, तर यादीच्या तळाशी असलेला कुठला तरी मुलगा, ज्याचे वय खरे होते आणि ज्याच्या मास्तरांनी रजिस्टराला हात लावला नव्हता, तो यादीबाहेर गेला असता. तो मला कधी दिसला नसता. पण तो होता, एवढे निश्चित. दोन्ही नोंदी खोट्या असतील. तरी पहिलीने कुणाचे काही घेतले नव्हते आणि दुसरी घेणार होती. खोटेपणा मोजायचा तर तो शब्दावरून न मोजता, त्याची किंमत कुणी मोजली यावरून मोजावा, असे मला त्या रांगेत वाटले.

मी हे आबांना सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि एकच विचारले, "मंग शेरातली पोरं दोन-दोन वर्सं पैसं भरून क्लासला जात्यात, त्यांनी हंडा फुडं सरकावला न्हाई व्हय?"

या प्रश्नाचे पुरे उत्तर माझ्यापाशी तेव्हाही नव्हते, आजही नाही. एवढेच म्हणता येईल, की शिकवणीतून मुलाला जे येते ते निवड न झाली तरी त्याचे असते, आणि सरकवलेल्या तारखेतून त्याला फक्त उघडकीला येण्याचे भय मिळते. पण ज्याच्या घरात शिकवणीला पैसे आहेत तो मुलगा रांगेत आधीच पुढे उभा असतो, हे आबांचे म्हणणे खोटे नव्हते. गुणवत्ता म्हणून आपण जे तोलतो, त्यात बापाच्या खिशाचे वजन किती आणि पोराच्या बुद्धीचे किती, हे वेगळे करणारा तराजू अजून निघालेला नाही.

इंग्लंडने हे सारे आपल्याआधी भोगले आहे. तिथे १९४४ च्या कायद्यानंतर अकराव्या वर्षी मुलांची परीक्षा घेऊन काहींना 'ग्रामर' शाळेत आणि बाकीच्यांना दुसऱ्या शाळांत पाठवण्याची रीत पडली. अकरा वर्षांच्या पोराच्या कपाळावर एका सकाळी शिक्का बसे. १९६५ साली सरकारने ही पद्धत सोडण्याची सूचना केली, आणि बहुतेक भागांतून ती गेलीही. तरी आज तिथे १६३ ग्रामर शाळा उरल्या आहेत आणि त्यांच्या दारात आईबापांची गर्दी आहे. त्या देशातली एक गोष्ट माझ्या मनाला फार लागली. बर्मिंगहॅम शहरात अशा शाळांत मुलांसाठी ५४० जागा आणि मुलींसाठी ३६० जागा होत्या. म्हणजे तितक्याच हुशार मुलीला मुलापेक्षा जास्त गुण मिळवावे लागत. ही विषमता बेकायदेशीर आहे, असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायपीठाने १९८९ साली दिला.

हे वाचले तेव्हा मला वर्गाच्या दारात मांडीवर दप्तर घेऊन बसलेली ती मुलगी आठवली.

ती नुसती बसत नसे, ऐकत असे. भाऊ अडखळला, की दारातून हलकेच उत्तर येई. एकदा नव्हे, अनेकदा. आणि प्रत्येक वेळी मी म्हणे, "तू थांब गं, त्याला सांगू दे." तिचा जन्म ग्रामीण रुग्णालयात झाला होता, कागद होता, तारीख डिसेंबर १९९९ ची होती. वयाच्या अटीत ती नेमकी बसत होती. फक्त ती शाळा तेव्हा मुलांची होती. एका महिन्याने बाहेर पडणाऱ्या मुलासाठी बाप माझ्या दारात आला, मीही दोन रात्री जागलो, धर्माधर्माचा खल केला. जी जन्मानेच बाहेर होती, तिच्यासाठी कुणी दाखला मागायला आले नाही. आणि माझ्याही मनात तिचा प्रश्न उठला नाही. यादीच्या तळाशी असलेल्या न पाहिलेल्या मुलाचा मला कळवळा आला. समोर बसलेली मुलगी मात्र मला दिसली नाही.

माझ्या सचोटीचे अर्धे उत्तर अपुरे होते, ते इथे. नियम न मोडणे हे पुण्य खरेच. पण ते स्वस्त पुण्य आहे. नियमाने ज्यांना रांगेतच उभे केले नाही, त्यांच्याकडे एकदा मान वळवून पाहणे महाग पडते, कारण मग आपला निर्मळ हात पुरेसा वाटेनासा होतो. शाळा मुलांची आहे हा नियम मी केला नव्हता, आणि मला तो बदलताही आला नसता. पण माझा रोजचा तो तास तर माझा होता. तिला आत येऊन बस म्हणायला मला कुणाची परवानगी लागत नव्हती. तो तास विहिरीच्या पाण्यासारखा होता आणि मी तो टँकरसारखा वाटला.

नियमही आता बदलले आहेत. २०२१-२२ पासून देशातल्या सर्व सैनिक शाळांत मुलींना सहावीत प्रवेश मिळू लागला. वयाची अटही सैल होऊन ३१ मार्चला दहा ते बारा वर्षे अशी झाली आहे. आज असता, तर आबांचा मुलगा खऱ्याखोट्या कोणत्याही तारखेने आरामात बसला असता. म्हणून तेव्हा केलेली लबाडी आज लबाडी ठरली नसती, असे मात्र मला म्हणता येत नाही. रेघ कुठेही मारलेली असो, त्या वर्षी जे त्या रेघेला मान देऊन उभे होते, त्यांच्यापुरती ती खरी होती.

तो मुलगा आज तालुक्याच्या गावी पाण्याच्या मोटारी दुरुस्त करण्याचे दुकान चालवतो. दुकान चांगले चालते. आबांनी माझ्यावर कधी राग धरला नाही. दर दिवाळीला त्यांच्या घरून कानवले येतात, आणि ते खाताना माझा घास क्षणभर अडतो, हेही खरे आहे. त्या २००९ च्या सुट्टीनंतर मी शाळा सुटल्यावरचा तास मोडला आणि शाळा भरण्यापूर्वीचा धरला. ज्याला यायचे त्याने यावे. कधी सात येतात, कधी वीस. पण दारात कुणी बसत नाही.

गेल्या दिवाळीत ती मुलगी माहेरी आली होती. बारावीनंतर तिचे लग्न झाले. बरोबर चार-पाच वर्षांची लेक होती. पाया पडून झाल्यावर ती जरा घुटमळली आणि म्हणाली, "गुरुजी, सैनिक शाळेत आता मुलींनाही घेतात ना?"

"घेतात की," मी म्हणालो. "पण हिला अजून खूप अवकाश आहे."

"ते ठाऊक आहे मला," ती म्हणाली. मग लेकीला पुढे ओढून हसत म्हणाली, "फक्त सांगून ठेवते. हिची तारीख खरी आहे. कागद आहे माझ्याजवळ."

त्या सोळा वर्षांत ती त्या तासाबद्दल माझ्याशी एक शब्दही बोलली नव्हती. पण दारात बसून तिने काय काय ऐकले होते, ते मला त्या दिवशी कळले.