सदका की कर्ज?

वाटेतला काटा उचलून बाजूला टाकणे हाही सदका आहे, असे आम्ही वर्गात मुलांना शिकवतो. पण ज्याने काटा टाकला त्यानेच तो उचलला, तर त्याला काय म्हणायचे?

ऑक्टोबर २००१ पासून अमेरिकी विमानांनी अफगाणिस्तानवर क्लस्टर बॉम्ब टाकले. त्यांतून सुमारे अडीच लाख छोटे बॉम्ब विखुरले. कित्येक न फुटताच पडून राहिले. त्यांचा रंग पिवळा. अमेरिकेनेच आकाशातून टाकलेल्या अन्नाच्या पाकिटांचा रंगही पिवळाच!

२००३ मध्ये अमेरिकी सैन्याने बग्राम तळावर लेझर बसवलेली गाडी आणली. ३०० मीटरपर्यंतच्या अंतरावरून किरण बॉम्बवर रोखायचा. कवच तापते, आतली दारू पेटते आणि बहुधा मोठा स्फोट न होता जळून जाते. कुणाला जवळ जावे लागत नाही. मात्र मातीत गाडलेला बॉम्ब या किरणाला सापडत नाही. तिथे माणसालाच गुडघे टेकून शोधावे लागते.

या यंत्राला आम्ही नावे ठेवणार नाही. शेळ्यांमागे धावणाऱ्या एका पोराचा पाय वाचला, तरी ते सार्थकी लागले. पण ते आणणाऱ्याला दानशूर म्हणणे आम्हांला मान्य नाही. हा हक्कुल इबादचा, माणसांच्या हक्कांचा मामला आहे. ज्याचे नुकसान झाले, माफीही त्याच्याकडेच मागावी लागते.

म्हणून वर्गात आम्ही आता एक वाक्य जोडतो : दुसऱ्याने टाकलेला काटा उचलाल तर सदका, आपण टाकलेला उचलाल तर ती फक्त कर्जफेड.