नको तर नको

सातारच्या एका घरी दिवाळीला पाहुणे जमले होते. वडिलांच्या मावसभावानं सात वर्षांच्या मुलाला जवळ ओढलं. "ये, मांडीवर बस. काकाला पापी दे."

मुलगा अंग चोरून मागे सरला. "मला नको."

वडील ओशाळले. "मोठ्यांशी असं वागतात का? जा बघू!"

फराळाच्या ताटल्या भरता भरता आजी म्हणाली, "त्याला नको तर नको. नमस्कार केलाय त्यानं, तेवढा पुरे."

आजी तेवढ्यावर थांबली नाही. आंघोळ घालताना कोपर, गुडघा, टाच शिकवावी तशी तिनं त्याला झाकलेल्या अवयवांची नावंही सांगितली, आवाज न उतरवता. "इथं हात लागेल तो आंघोळीच्या वेळी आईचा नाहीतर माझा. दुखलं-खुपलं तर डॉक्टरांचा, तोही आई समोर असताना. दुसऱ्या कुणी लावला, किंवा तुला त्याच्या अंगाला लावायला सांगितला, तर तिथून उठून यायचं. आणि 'आईला सांगू नको' असं कुणी म्हणालं, की तेच आईला आधी सांगायचं."

"एवढ्याशा पोराशी हे काय बोलायचं?" वडील म्हणाले.

"रस्ता ओलांडायला शिकवलंस तेव्हा तो मोठा होईपर्यंत थांबला होतास का?"

पावसाळ्यात तोच मावसभाऊ कामानिमित्त आठवडाभर राहायला आला. तिसऱ्या रात्री जेवताना मुलगा म्हणाला, "मी काकांजवळ झोपणार नाही."

वडिलांच्या तोंडावर 'नाटकं करू नकोस' आलंच होतं. ते त्यांनी गिळलं. ताट बाजूला सारून त्याला आतल्या खोलीत नेलं आणि विचारलं, "काय झालं रे?"

त्यानं सांगितलं, अडखळत, पण सगळं. आईनं मध्ये एकही प्रश्न घातला नाही. "सांगितलंस, फार बरं केलंस. तुझं काहीही चुकलेलं नाही," एवढंच ती म्हणाली.

आजीनं नावं शिकवली म्हणून तो सांगू शकला, हे खरंच. पण सांगावंसं वाटलं ते दिवाळीमुळे. आपण नको म्हटलं की हे घर ऐकतं, हे त्याला तेव्हाच कळलं होतं. सगळ्याच मुलांना असं घर मिळत नाही. केंद्र सरकारनं १३ राज्यांत केलेल्या आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत निम्म्याहून अधिक मुलांनी लैंगिक छळाचा कुठला ना कुठला प्रकार सोसल्याचं सांगितलं. त्यांत मुलगेही मुलींइतकेच होते. बहुतेकांनी घरी चकार शब्द काढला नव्हता.

थोरली काकू कुजबुजली, "घरातली गोष्ट घरातच मिटवू या. पाहुण्याला हाकलून द्या, झालं."

"म्हणजे तो दुसऱ्या घरी जाईल," आजी म्हणाली. "तिथंही पोरं असतील."

वडिलांनी १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन केला. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं अठरा वर्षांखालच्या मुलगा-मुलगी दोघांनाही लैंगिक अत्याचारापासून संरक्षण दिलं आहे, आणि असा गुन्हा माहीत असून कळवला नाही, तर तोही गुन्हाच. मुलाला पोलीस ठाण्याची पायरी चढावी लागली नाही. महिला उपनिरीक्षक साध्या कपड्यांत घरी आल्या आणि आईच्या शेजारी बसलेल्या मुलाचं म्हणणं त्यांनी त्याच्याच शब्दांत लिहून घेतलं.

ते चाललं असताना थोरल्या काकूची पंधरा वर्षांची मुलगी दारात येऊन उभी राहिली.

"मी पण म्हटलं होतं, आई. काकांबरोबर जत्रेला जाणार नाही म्हणून. तू मला उद्धट म्हणालीस."

काकूचा चेहरा उतरला. मुलीला जवळ घ्यायला तिनं हात पुढे केला, मग थांबून विचारलं, "जवळ घेऊ?"

मुलीनं मान डोलावली.

"माझं चुकलं. तुला सांगायचंय का त्या बाईंना? मी बरोबर बसते. आज नको असेल, तर आज नको."

"आजच सांगते," मुलगी म्हणाली.